निमंत्रणपत्रिकेत आधी मेजर की आधी कॅप्टन? तिन्ही दलांतील हुद्द्यांविषयी धागा

वर्धाकाठचे_गुरुजी

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. येत्या प्रजासत्ताक दिनी ध्वजारोहणानंतर गावातून सैन्यात गेलेल्या चौघांचा सत्कार करावा, असे ग्रामपंचायतीने आणि शाळा व्यवस्थापन समितीने ठरवले, आणि पत्रिकेचा मजकूर लिहिण्याचे काम रिवाजाप्रमाणे माझ्याकडे आले. चौघांपैकी एक जण भूदलात मेजर आहेत, दुसरे नौदलात कॅप्टन आहेत, तिसरी गावची लेक नौदलात लेफ्टनंट आहे आणि चौथे, वयाने सर्वांत वडील असलेले काका, भूदलातून ऑनररी कॅप्टन म्हणून निवृत्त होऊन आता शेती पाहतात. लहानपणापासून कानावर पडलेल्या क्रमाने मी आधी मेजर, मग दोन्ही कॅप्टन आणि शेवटी लेफ्टनंट अशी नावे घातली. दोन कॅप्टनांमध्ये वयाचा मान म्हणून काकांना वर ठेवले. तीनशे पत्रिका छापून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावर नौदलातील कॅप्टनसाहेबांचे थोरले बंधू भेटले. आवाज न चढवता त्यांनी एवढेच विचारले, ‘गुरुजी, माझ्या भावाला नोकरीत बावीस वर्षे झाली, मेजरसाहेबांना आठ. मग पत्रिकेत तो खाली कसा गेला जी?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. एकच शब्द दोन दलांत दोन निरनिराळ्या पायऱ्यांसाठी वापरला जातो काय, आणि जात असेल तर कोण कोणाच्या बरोबरीचा हे आमच्यासारख्या बाहेरच्या माणसाने कसे ओळखावे, हे जाणकारांनी समजावून सांगावे. सत्काराला अजून नऊ दिवस आहेत.

दर्यावर्दी_आर्वी

गुरुजी, त्या बंधूंचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे. मी नौदलात तीस वर्षे काढून मास्टर चीफ पेटी ऑफिसर म्हणून गावी परतलो आहे, आणि परतल्यापासून हा घोटाळा मी दर दोन-चार महिन्यांनी कुठे ना कुठे पाहतो.

सगळा गोंधळ दोन शब्दांचा आहे, लेफ्टनंट आणि कॅप्टन. भूदलात अधिकारी पहिल्या दिवशी लेफ्टनंट असतो आणि त्यानंतर कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल अशा पायऱ्या चढतो. नौदलात तोच अधिकारी सब लेफ्टनंट म्हणून सुरुवात करतो, मग लेफ्टनंट होतो, मग लेफ्टनंट कमांडर, मग कमांडर, आणि तेव्हा कुठे कॅप्टन होतो. म्हणजे पायऱ्या पाचच, पण नावे एका पायरीने नव्हे, कधी एका तर कधी तीन पायऱ्यांनी सरकलेली. नौदलाचा लेफ्टनंट हा भूदलाच्या कॅप्टनच्या बरोबरीचा, लेफ्टनंट कमांडर मेजरच्या, कमांडर लेफ्टनंट कर्नलच्या आणि नौदलाचा कॅप्टन थेट कर्नलच्या बरोबरीचा. त्याच्यावर कमोडोर म्हणजे भूदलाचा ब्रिगेडियर, रिअर ॲडमिरल म्हणजे मेजर जनरल, व्हाइस ॲडमिरल म्हणजे लेफ्टनंट जनरल आणि ॲडमिरल म्हणजे जनरल.

तेव्हा तुमच्या पत्रिकेत एक चूक नाही, दोन आहेत. नौदलाचे कॅप्टन मेजरपेक्षा दोन पायऱ्या वर आहेत, आणि ज्या लेकीला तुम्ही शेवटी टाकले ती भूदलातल्या कोणत्याही तरुण कॅप्टनच्या तोडीस तोड आहे. तिला ‘अजून लेफ्टनंटच का?’ असे विचारणारे गावात चार जण तरी भेटले असतील, याची मला खात्री आहे.

कोणाला हे खरे वाटत नसेल तर पगाराचा तक्ता पाहावा, तो कोणाची भीड ठेवत नाही. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे भूदलाच्या कॅप्टनचे आणि नौदलाच्या लेफ्टनंटचे मूळ वेतन ६१,३०० रुपयांपासून सुरू होते, तर भूदलाच्या कर्नलचे आणि नौदलाच्या कॅप्टनचे १,३०,६०० रुपयांपासून. नावाने दोघेही कॅप्टन, पण मूळ वेतनात दुपटीहून अधिक फरक.

पुलगावचा_वाचक

दर्यावर्दीकाका, उत्तम समजावलेत. आमच्याकडे दारूगोळा भांडारामुळे वर्दीतले अधिकारी लहानपणापासून दिसत आले, तरी नौदलाचा हिशोब आज पहिल्यांदा कळला. पण मला दोन शंका आहेत. पहिली, हा फरक मुळात पडला कसा, दोन्ही दले एकाच देशाची असताना? दुसरी शंका शाळेपासूनची आहे. मेजर हा लेफ्टनंटपेक्षा मोठा असतो, मग जनरल लावल्यावर लेफ्टनंट जनरल हा मेजर जनरलपेक्षा मोठा कसा होतो? आमच्या मास्तरांनी ‘पाठ करून टाक’ एवढेच उत्तर दिले होते.

दर्यावर्दी_आर्वी

दोन्ही शंकांचे मूळ एकच आहे. हे शब्द युरोपातून इंग्रजांच्या वाटेने आपल्याकडे आले, आणि मुळात ते हुद्द्यांपेक्षा कामांची नावे होती. कॅप्टन म्हणजे प्रमुख, आणि लेफ्टनंट म्हणजे प्रमुखाच्या जागी उभा राहणारा, त्याचा प्रतिनिधी. जमिनीवर कॅप्टन हा एका कंपनीचा, म्हणजे सुमारे शंभर माणसांचा प्रमुख होता. समुद्रावर तोच शब्द पूर्ण जहाजाच्या प्रमुखाला लावला गेला. मोठ्या युद्धनौकेवर शेकडो माणसे, तोफा, शिधा आणि महिनोन्महिने किनाऱ्यापासून दूर राहण्याची जबाबदारी असे. कामाचे वजन वाढले तसा तो शब्द नौदलात वर चढला आणि जमिनीवर होता तिथेच राहिला. मग जहाजाच्या प्रमुखाचा प्रतिनिधी असलेला लेफ्टनंट आपोआप कंपनीच्या प्रमुखाच्या बरोबरीला आला.

मेजर जनरलचेही असेच आहे. सतराव्या शतकातील इंग्रजी फौजेत सर्वोच्च सेनापतीला कॅप्टन जनरल म्हणत, त्याचा प्रतिनिधी तो लेफ्टनंट जनरल, आणि त्याच्या खाली असे सार्जंट मेजर जनरल. पुढे त्या शेवटच्या नावातला ‘सार्जंट’ गळून पडला आणि मेजर जनरल तेवढे उरले. सार्जंट मेजर हा लेफ्टनंटच्या खालीच असणार, यात नवल ते काय? मास्तरांनी पाठ करायला सांगितले ते सोपे पडावे म्हणून असेल, पण कारण एका वाक्याचे होते.

आणखी एक गुंता सांगून ठेवतो. कोणत्याही युद्धनौकेची कमान ज्याच्याकडे असते त्याला जहाजावर ‘कॅप्टन’ म्हणण्याचा प्रघात आहे, मग त्याचा खरा हुद्दा लेफ्टनंट कमांडर असो की कमांडर. उलट बाजूने, २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे विमानवाहू विक्रांत नौदलात दाखल झाली तेव्हा तिचे प्रमुख कमोडोर विद्याधर हारके होते, म्हणजे कॅप्टनच्याही वरच्या हुद्द्याचे. काम वेगळे आणि हुद्दा वेगळा, हे एकदा मनात पक्के झाले की निम्मा गोंधळ सरतो.

वायुसेनानगर_निवृत्त

या धाग्यात वायुदलाला कोणी विचारतच नाही असे दिसते, आणि नागपूरच्या पंचक्रोशीत तर असे होता कामा नये, कारण वायुदलाच्या देखभाल कमांडचे मुख्यालय नागपुरात आहे आणि त्याचे प्रमुख एअर मार्शल हुद्द्याचे, म्हणजे भूदलाच्या लेफ्टनंट जनरलच्या बरोबरीचे असतात. मी स्वतः वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो.

आमची नावे तुलनेने नवी आहेत. ब्रिटिशांचे स्वतंत्र वायुदल १ एप्रिल १९१८ रोजी स्थापन झाले, पुढच्या वर्षी त्यांनी भूदल आणि नौदल या दोघांपासून वेगळी अशी आपली नावे ठरवली, आणि ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय वायुदल स्थापन झाले तेव्हा तीच आपल्याकडे आली. फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन या पाच पायऱ्या भूदलाच्या लेफ्टनंट ते कर्नल या पाच पायऱ्यांशी क्रमाने जुळतात. पुढे एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल आणि एअर चीफ मार्शल. इथेही जुन्या शब्दांनी घात केलाच आहे. स्क्वाड्रन लीडर हा आज स्क्वाड्रनचा प्रमुख नसतो, ते काम विंग कमांडर किंवा ग्रुप कॅप्टन करतो. १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा ते स्क्वाड्रन लीडर, म्हणजे मेजरच्या बरोबरीचे होते. २०२५ साली शुभांशु शुक्ला गेले ते ग्रुप कॅप्टन, म्हणजे कर्नलच्या बरोबरीचे.

गुरुजी, मुलांना शिकवायला एक सोपी खूण देतो. नौदल आणि वायुदल या दोघांचे हुद्दे पट्ट्यांवरून कळतात आणि पट्ट्यांचा हिशोब सारखाच आहे. एक पट्टी म्हणजे सब लेफ्टनंट किंवा फ्लाइंग ऑफिसर, दोन म्हणजे लेफ्टनंट किंवा फ्लाइट लेफ्टनंट, दोन पट्ट्यांच्या मध्ये एक बारीक पट्टी म्हणजे लेफ्टनंट कमांडर किंवा स्क्वाड्रन लीडर, तीन म्हणजे कमांडर किंवा विंग कमांडर, आणि चार म्हणजे नौदलाचा कॅप्टन किंवा ग्रुप कॅप्टन. नौदलाच्या वरच्या पट्टीला वळसा असतो, आमच्या पट्ट्या सरळ. भूदलात पट्ट्या नसून तारे आणि अशोकस्तंभ. दोन तारे लेफ्टनंट, तीन कॅप्टन, नुसता अशोकस्तंभ मेजर, त्यासोबत एक तारा लेफ्टनंट कर्नल, दोन तारे कर्नल आणि तीन तारे ब्रिगेडियर.

गावातल्या तरुण पोरांना हे आकडे रुचत नसतील तर त्यांना क्रिकेटमधून सांगा. सचिन तेंडुलकर २०१० पासून वायुदलात मानद ग्रुप कॅप्टन आहेत आणि महेंद्रसिंग धोनी २०११ पासून प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल. नाव ऐकून कॅप्टन खालचा वाटतो, पण प्रत्यक्षात तेंडुलकर एक पायरी वर आहेत. आमच्या चौकात यावर एकदा अर्धी रात्र वाद झाला होता, आणि धोनीच्या बाजूचे लोक अजून मानायला तयार नाहीत.

सुभेदार_हिंगणघाट

वरील सर्व माहिती योग्य आहे, पण सर्व जण अधिकाऱ्यांच्याच पायऱ्या मोजत बसले आणि गुरुजींच्या यादीतील सर्वांत अवघड नाव तसेच राहिले. ते ऑनररी कॅप्टन काकांचे.

भूदलात शिपाई, लान्स नायक, नायक, हवालदार या जवानांच्या आणि लेफ्टनंटपासून सुरू होणाऱ्या कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांच्या मध्ये एक तिसरा वर्ग आहे, तो ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरांचा. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे त्यातले हुद्दे, आणि घोडदळाच्या परंपरेतील रणगाडा पलटणींत त्यांनाच नायब रिसालदार, रिसालदार, रिसालदार मेजर म्हणतात. जवान त्यांना ‘साहेब’ म्हणतो आणि सलाम करतो, आणि तेविशीतला नवा लेफ्टनंटही त्यांना ‘साहेब’ म्हणूनच हाक मारतो, जरी हुद्द्याने तो वरचा असला तरी. पलटणीत सुभेदार मेजर हा कमांडिंग ऑफिसरचा कान आणि डोळा असतो. हे नाते बाहेरच्या माणसाला तक्त्यावरून कळत नाही.

इतर दोन दलांत या पायऱ्यांची बरोबरी अशी आहे की नायब सुभेदार म्हणजे नौदलाचा चीफ पेटी ऑफिसर आणि वायुदलाचा ज्युनिअर वॉरंट ऑफिसर, सुभेदार म्हणजे मास्टर चीफ पेटी ऑफिसर द्वितीय श्रेणी आणि वॉरंट ऑफिसर, सुभेदार मेजर म्हणजे मास्टर चीफ पेटी ऑफिसर प्रथम श्रेणी आणि मास्टर वॉरंट ऑफिसर. म्हणजे वर ज्या दोघांनी लिहिले ते आणि मी, आम्ही तिघे एकाच पंगतीचे.

आता मानद हुद्दा. ज्या सुभेदारांची आणि सुभेदार मेजरांची सेवा उत्तम असते, त्यांच्यातल्या निवडक लोकांना नोकरीच्या अखेरीस प्रजासत्ताक दिनी किंवा स्वातंत्र्यदिनी ऑनररी लेफ्टनंट आणि त्याहून मोजक्यांना ऑनररी कॅप्टन करतात. १९८७ सालच्या सियाचीनमधील पराक्रमासाठी परमवीर चक्र मिळालेले बाना सिंग तेव्हा नायब सुभेदार होते आणि निवृत्त झाले ते ऑनररी कॅप्टन म्हणून. शिपाई म्हणून भरती झालेल्या माणसासाठी यापेक्षा मोठा मान सहसा नसतो. पण हा सन्मान आहे. नियमित कमिशन घेतलेल्या अधिकाऱ्यांच्या ज्येष्ठतेच्या रांगेत त्याची गणना होत नाही. म्हणून काकांना नौदलाच्या कॅप्टनशी बरोबरीने लावणे चूक, आणि मेजरच्या खाली एक ओळ म्हणून लावणेही मला तितकेच खटकते. अठ्ठावीस-तीस वर्षांच्या सेवेनंतर मिळालेल्या मानाला अधिकाऱ्यांच्या तक्त्यातील एका खणात कोंबू नये. त्यांचे नाव वेगळ्या ओळीत ‘सत्कारमूर्ती ज्येष्ठ’ म्हणून घाला. पत्रिकेत ‘ऑनररी कॅप्टन’ हा पूर्ण शब्द येऊ द्या, कारण तो काढून नुसते ‘कॅप्टन’ लिहिले तर जाणणारे लोक त्यांनाच हसतील, तुम्हाला नाही.

खांद्यावरची एक खूणही सांगतो, कारण गावात तिच्यावरून फसगत होते. सुभेदाराच्या खांद्यावर दोन तारे असतात, लेफ्टनंटच्याही दोनच. सुभेदार मेजरच्या खांद्यावर अशोकस्तंभ असतो, मेजरच्याही तोच. फरक ताऱ्याखालच्या लाल-पिवळ्या फितीचा. मी सुट्टीवर येत असे तेव्हा आमच्या मावशी शेजारणीला ‘तारे मोजा’ म्हणून सांगत असत आणि मी गप्प राहत असे. त्याबद्दल मला फारसा पश्चात्ताप नाही.

इतिहासप्रेमी_अचलपूर

सुभेदारसाहेबांच्या लेखनाला एक पुरवणी जोडतो. जवानांच्या आणि ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरांच्या हुद्द्यांची नावे आपल्याच मातीत वापरात होती. शिवकालीन घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर एक हजारी अशी रचना होती, आणि पायदळात हवालदाराच्या हाताखाली नायक असत, जसे आजही आहेत. गडाच्या अधिकाऱ्यालाही हवालदार म्हणत. सुभेदार हा तर सुभ्याचा, म्हणजे मोठ्या प्रांताचा अधिकारी. मोगलांच्या काळी आपला वऱ्हाड हाच एक सुभा होता, आणि मल्हारराव होळकरांना सुभेदार म्हणत तेव्हा त्या शब्दामागे माळव्याची सत्ता उभी होती. कंपनी सरकारने आपल्या फौजेत वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखल्या आणि देशी माणसाला देता येतील अशा खालच्या जागांना हे जुने भारदस्त शब्द लावले, त्यामुळे प्रांताचा कारभारी एका तुकडीचा अंमलदार होऊन बसला. जमादार हा हुद्दाही होता, तो १९६५ साली नायब सुभेदार झाला.

अधिकाऱ्यांची नावे मात्र इंग्रजीच राहिली. ४ डिसेंबर २०२३ रोजी सिंधुदुर्गात नौदल दिन साजरा झाला तेव्हा नौदलातील हुद्द्यांना भारतीय परंपरेला धरून नावे देण्याची घोषणा पंतप्रधानांनी केली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ॲडमिरल श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या खांद्यावर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. नावे बदलताना कोणी ‘सरखेल’ सुचवले तर माझे अनुमोदन आहे. कान्होजी आंग्रे ज्या नावाने ओळखले गेले ते नाव ॲडमिरलला शोभेल.

मोर्शीची_लेक

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेची तयारी करते आहे. घरची संत्र्याची बाग आहे, अभ्यास बागेतल्या खोलीतच चालतो. हा धागा मी वहीत उतरवून घेतला. माझा प्रश्न असा की तिन्ही दलांत बढती सारख्याच वेगाने मिळते काय? आणि मुलींसाठी हुद्दे किंवा पायऱ्या वेगळ्या असतात काय? घरी आजोबा म्हणतात की वायुदलात लवकर मोठे होतात.

वायुसेनानगर_निवृत्त

ताई, आजोबांना माझा नमस्कार सांगा, पण त्यांचे म्हणणे बरोबर नाही. अजय विक्रम सिंग समितीच्या शिफारशी डिसेंबर २००४ मध्ये लागू झाल्या तेव्हापासून दोन वर्षांनी दुसरी पायरी, सहा वर्षांनी तिसरी आणि तेरा वर्षांनी चौथी, असा वर्षांवर बांधलेला हिशोब तिन्ही दलांना सारखा आहे. अर्थात विभागीय परीक्षा आणि इतर अटी पूर्ण कराव्या लागतात. भूदलातील सेकंड लेफ्टनंट हा सर्वांत खालचा हुद्दा तर त्याआधीच बंद झाला होता, म्हणून जुन्या लोकांच्या बोलण्यात तो येतो आणि आजच्या तक्त्यात सापडत नाही. खरी चाळणी पाचव्या पायरीला लागते. कर्नल, नौदलाचा कॅप्टन किंवा ग्रुप कॅप्टन होण्यासाठी निवड मंडळासमोर जावे लागते, आणि निवड न झालेल्यांना सव्वीस वर्षांच्या सेवेनंतर कालबद्ध बढतीने तो हुद्दा मिळतो.

मुलींसाठी पायऱ्या वेगळ्या नाहीत आणि नावेही वेगळी नाहीत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडली, त्यात सतरा जणी होत्या. तुम्ही अभ्यास करा, पुढची बेरीज आपोआप होईल.

बायोडाटा_दारव्हा

विषयाला धरूनच एक सावधगिरी. आमच्या भागात लग्नाच्या बायोडाटात ‘नेव्हीत कॅप्टन, वय २८’ असे लिहिलेले मी तीनदा वाचले आहे. वरचा वर्षांचा हिशोब धरला तर अठ्ठाविसाव्या वर्षी नौदलात कॅप्टन होणे शक्य नाही. एके ठिकाणी चौकशी केली तेव्हा मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीला निघाला, आणि तिथेही अजून तिसऱ्या क्रमांकाचा अधिकारी होता. व्यापारी जहाजाच्या प्रमुखाला आणि प्रवासी विमानाच्या प्रमुख वैमानिकाला कॅप्टन म्हणतात, त्यांच्या खांद्यावर चार पट्ट्याही असतात, पण तो लष्करी हुद्दा नव्हे. मुलाचे काम प्रतिष्ठेचेच होते, फक्त शब्द उसना होता. सोयरीक अखेर जमली, म्हणून अधिक लिहीत नाही.

आलापल्लीकर

गडचिरोलीच्या बाजूने एक प्रश्न. आमच्याकडे गावकरी केंद्रीय राखीव पोलीस दलालाही ‘मिलिटरी’च म्हणतात. त्यांच्या कमांडंटच्या खांद्यावर अशोकस्तंभ आणि दोन तारे पाहिले आहेत. मग ते कर्नलच्या बरोबरीचे काय? आणि ग्रामसभेत नेहमी निघणारा दुसरा प्रश्न, कलेक्टर मोठा की कर्नल?

सुभेदार_हिंगणघाट

खूण सारखी असली तरी दल वेगळे आहे. केंद्रीय राखीव पोलीस दल गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, तिन्ही सेनादले संरक्षण मंत्रालयाच्या. असिस्टंट कमांडंट, डेप्युटी कमांडंट, द्वितीय कमान अधिकारी, कमांडंट, मग डीआयजी आणि आयजी अशी त्यांची स्वतःची उतरंड आहे. ताऱ्यांवरून बरोबरी लावायला गेलात तर पोलीस ठाण्यातल्या निरीक्षकाच्या खांद्यावरही तीन तारे असतात, आणि म्हणून तो भूदलाचा कॅप्टन होत नाही. त्याच्या ताऱ्यांखाली लाल-निळी फीत असते, ती पाहावी.

कलेक्टर आणि कर्नल यांची तुलना करणारा सरकारी तक्ता मी तरी पाहिलेला नाही. केंद्र सरकारचा जो मानक्रम आहे त्यात तिन्ही दलांचे प्रमुख १२ व्या क्रमांकावर, लेफ्टनंट जनरल आणि त्यांच्या बरोबरीचे २४ व्या, आणि मेजर जनरल व त्यांच्या बरोबरीचे केंद्रातील सहसचिवांसोबत २६ व्या क्रमांकावर आहेत. तिथेच तो तक्ता संपतो. कर्नलही त्यात नाही आणि जिल्हाधिकारीही नाहीत. शिवाय तो क्रम शासकीय आणि औपचारिक समारंभांपुरता आहे, रोजच्या कारभाराला लागू नाही, असे त्यातच लिहिलेले आहे. ग्रामसभेत पुन्हा विषय निघाला तर एवढे सांगून रस्त्याच्या कामाकडे वळावे.

पुलगावचा_वाचक

शेवटची शंका. फील्ड मार्शल कुठे बसतात?

वायुसेनानगर_निवृत्त

सर्वांच्या वर, पाच ताऱ्यांच्या पायरीवर (हे तारे खांद्यावरचे नव्हेत, वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांच्या गाडीवर आणि ध्वजावर लागणारे). तो मान स्वतंत्र भारतात तिघांनाच मिळाला. १९७३ साली सॅम माणेकशा, १९८६ साली करिअप्पा, आणि २००२ साली अर्जन सिंग, जे भारतीय वायुदलाचे एकमेव मार्शल. नौदलात त्याच्या बरोबरीचा ॲडमिरल ऑफ द फ्लीट हा हुद्दा आजवर कोणालाही दिलेला नाही. त्याखालच्या चार ताऱ्यांच्या पायरीवर तिन्ही दलांचे प्रमुख आणि संरक्षण दलप्रमुख असतात. जनरल बिपिन रावत १ जानेवारी २०२० पासून पहिले संरक्षण दलप्रमुख झाले तेव्हा गावात अनेकांना वाटले की आता पाच तारे लागतील, पण तारे चारच राहिले. नागपूरकरांनी या पायरीबद्दल थोडी ऐट करायला हरकत नाही. २००९ ते २०११ या काळात वायुदलाचे प्रमुख असलेले प्रदीप नाईक आणि २०२२ ते २०२४ या काळात भूदलाचे प्रमुख असलेले मनोज पांडे हे दोघेही नागपूरचे.

वर्धाकाठचे_गुरुजी

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल सायंकाळी हा संपूर्ण धागा सरपंचताईंना आणि समितीला वाचून दाखवला. क्रम असा ठरला: प्रथम नौदलाचे कॅप्टन, त्यांच्या नावापुढे कंसात ‘भारतीय नौदल’, मग मेजर, मग लेफ्टनंट, तिच्याही नावापुढे तसेच, आणि सर्वांच्या वर, वेगळ्या चौकटीत, ऑनररी कॅप्टन काका. काकांना विचारायला मी स्वतः शेतावर गेलो होतो. तूर कापणे चालू होते. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले की मेजरसाहेब कोणत्या रेजिमेंटचे आहेत. मी सांगितल्यावर म्हणाले, ‘मग मी त्यांच्या शेजारीच बसतो, बोलायला बरे पडेल.’ त्यामुळे पत्रिकेतला क्रम एक आणि खुर्च्यांचा दुसरा, असे होणार आहे. सुभेदारसाहेब चालवून घेतील अशी आशा आहे.

मेजरसाहेबांच्या आईंना मी घरी जाऊन फरक समजावला. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या की पट्ट्यांचे ते गणित त्यांच्या नातवालाही शिकवावे.

नव्या पत्रिका छापण्याएवढे पैसे उरले नव्हते. म्हणून दुरुस्त मजकुराच्या चिठ्ठ्या काढून सातवीच्या मुलांनी दोनशे सत्तर पत्रिकांवर डिंकाने चिकटवल्या. उरलेल्या तीस आधीच वाटून झाल्या होत्या. त्यांपैकी बावीस परत आल्या आहेत, आठांचा शोध चालू आहे. कागद थोडा पातळ निघाला, त्यामुळे पत्रिका उजेडात धरली की जुना ‘मेजर’ पहिल्या ओळीत अजून दिसतो.